उसाच्या फडातील जमाखर्च

संस्थेच्या स्मरणिकेत जमाखर्चाची पाने असावयाचीच. त्यांच्याच शेजारी निसर्गाच्या जमाखर्चाचा एक लहानसा पाठ मांडावा, असे योजिले आहे. त्यासाठी दूर अरण्यात जावयास नको. आपल्या चलथाणच्या परिसरातील उसाचा फड पुरेसा आहे.

या खात्यात जमेची बाब एकच : सूर्यप्रकाश. त्याच्या साहाय्याने उसाचे हिरवे पान हवा व पाणी यांपासून साखर बनविते. म्हणून वनस्पतींस उत्पादक म्हणतात. ऊस उंदीर कुरतडतो, उंदराला साप गिळतो आणि सापावर मुंगूस टपलेले असते. ही झाली अन्नसाखळी. परंतु उंदीर घुबडाला आणि कोल्ह्यालाही हवा असतो. अशा अनेक साखळ्या गुंतून अन्नजाळे तयार होते. मेलेले प्राणी व गळालेले पाचट यांचा निकाल गांडुळे, बुरशी आणि जिवाणू लावतात व त्यांतील द्रव्ये मुळांकडे परत जातात.

द्रव्ये परत येतात, ऊर्जा मात्र येत नाही. प्रत्येक पायरीवर ती श्वसन व हालचाल यांत खर्च होते आणि स्थूलमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. 1,000 मापांचे 100, शंभराचे 10. म्हणूनच उंदीर पुष्कळ आणि घुबडे थोडी असतात. थोडी असणारी मंडळी नाहीशी झाली, तर ती भरून येण्यास फार काळ लागतो.

2002 साली महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा पडला. पानांच्या मागे पांढरे थर साचले. माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून खालची पाने काळवंडली. हा मावा नराविना पिले देतो, त्यामुळे तो झपाट्याने वाढतो. शेतकरी घाबरून औषधे फवारू लागले; परंतु जहाल औषधाने माव्याबरोबर त्याचे शत्रूही मरतात, आणि मग मावाच आधी परततो. अखेर डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस हा कीटक यांनी मावा फस्त करून त्यास मोठा आळा घातला. हे मित्रकीटक असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेण्यात आली.

हा पाठ शिकविताना ऊसतोडीवर आलेल्या कुटुंबातील एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, साप मारायचा नाही, तर माझ्या बापाने काय करायचं?" प्रश्न रास्त होता. धामण बिनविषारी आहे, तिला जीवदान द्यावे. पण घोणसही उंदरांसाठीच फडात येते आणि तिचा दंश प्राणघातक ठरतो. अनवाणी माणसाला निसर्गप्रेम सांगणे सोपे आहे. आधी त्याच्या पायांत बूट आणि रात्री हातात बत्ती हवी. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ दवाखाना गाठावयास हवा. फडाचा हिशेब मांडताना तोडणाऱ्याचा जीव खात्याबाहेर ठेवता येणार नाही.

मुलांनो, आज जेवताना ताटातील एका पदार्थाची साखळी सूर्यापर्यंत लिहून काढा. आणि वडील मंडळींनो, फवारणीपूर्वी पान उलटून पाहा. तेथे आपला एखादा मित्र कामावर असेल.