सुखरूप सुटका

वाचनपाठ : उत्पत्ती ३५:१६-२०, ३८:२७-३०, यशया ३७:३, योहान १६:२१

बाळाच्या जन्माबद्दल मंडळीत उभे राहून देवाचे आभार मानण्याची आपल्यात चांगली रीत आहे. पण पुष्कळदा साक्ष अशी असते : "डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते, आम्ही प्रार्थना केली आणि नॉर्मल झाली." मंडळी 'आमेन' म्हणते. सांगणाऱ्याचा आनंद खरा असतो. परंतु त्याच वेळी मागच्या बाकावर, पोटावरची जखम अजून ओली असलेली दुसरी एखादी आई बसलेली असते. तिच्या घरीही प्रार्थना झाली होती. आपला विश्वास कमी पडला, असे तिने समजावे काय? शिवाय घरी-दारी तिने ऐकलेले असतेच : "आजकालच्या मुलींना कळा सोसवत नाहीत", "हिला काय, डॉक्टरांनी काढून दिले." या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे की नाही, हे या पाठात पाहू.

१. शास्त्र बाळंतपणातील संकट लपवीत नाही

राहेल बन्यामिनाला जन्म देताना वाटेतच मरण पावली. सुइणीने तिला धीर दिला होता, पण त्याहून अधिक काही करणे तिच्या हाती नव्हते. तामारेच्या जुळ्यांपैकी एकाचा हात आधी बाहेर आला व सुइणीने त्याला तांबडा दोरा बांधला. हात आधी येणे हे आजही धोक्याचे लक्षण मानले जाते. यरुशलेमेवर संकट आले तेव्हा हिज्कीया राजाने निरोप पाठविला, त्यात त्याने दृष्टांत दिला तो अडलेल्या बाळंतिणीचाच : मूल जन्मायला आले आहे, पण प्रसवण्याची शक्ती उरली नाही. राहेलीचा विश्वास उणा होता म्हणून ती गेली, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. मग ज्या आईला आज शस्त्रक्रियेने वाचविता आले, तिला आपण दोष कसा लावावा?

२. 'वेदना हीच आज्ञा' हा गैरसमज

उत्पत्ती ३:१६ दाखवून काही जण म्हणतात की, स्त्रीने कळा सोसल्याच पाहिजेत. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, स्त्रीच्या क्लेशासाठी या वचनात जो इब्री शब्द आहे, तोच पुढच्या वचनात पुरुषाच्या शेतीच्या कष्टासाठी आहे. इंजिन लावून विहिरीचे पाणी काढणाऱ्या शेतकऱ्याला आपण आज्ञाभंग करणारा म्हणत नाही. मग स्त्रीलाच वेगळे माप का?

दुसरी, हा वाद जुना आहे. १८४७ साली एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतिणीला क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप निघाले. सिम्प्सन यांनी शास्त्राच्याच आधारे उत्तर दिले : आदामाची कूस उघडण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली (उत्पत्ती २:२१). पुढे १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनेही बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला.

३. शस्त्रक्रिया म्हणजे सोपी वाट नव्हे

एके काळी पोट उघडून मूल काढणे म्हणजे बहुधा आईचे मरणच असे. गर्भाशयाची जखम न शिवता तशीच सोडीत. रक्तस्राव व जंतुदोष यांनी बाई दगावे. १८८२ मध्ये जर्मनीतील माक्स सेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली. पुढे भूल, रक्त देणे व जंतुनाशक औषधे सुधारली, तेव्हा ही शस्त्रक्रिया जीवदायी झाली.

वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, मूल आडवे असणे, नाळ आधी बाहेर येणे, बाळाचे ठोके मंदावणे, अशा वेळी ती करावी लागते. काही प्रसंगी मिनिटे मोलाची असतात. "आणखी थोडी प्रार्थना करू, मग सही करू" असे म्हणून वेळ घालविणे धोक्याचे आहे. सही करावी आणि प्रार्थनाही करावी. पुष्कळ आया तर तासन्‌तास कळा सोसून मग शस्त्रक्रियेला सामोऱ्या जातात. त्यानंतर उठताना, खोकताना, बाळाला घेताना टाके ओढतात. सोसणे चुकलेले नसते.

४. दुसरी बाजू

गरज नसताना शस्त्रक्रिया होतात, ही तक्रारही खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होते. मध्य प्रदेशात १२.१, गोव्यात ३९.५ व तेलंगणात ६०.७ टक्के अशी तफावत दिसते. एवढा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीमुळे पडत नाही. म्हणून आधीच्या तपासण्यांच्या वेळी पतीने व घरच्यांनी डॉक्टरांना कारण विचारावे, समजून घ्यावे. परंतु हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, बाजेवरच्या बाळंतिणीला नव्हे.

५. मंडळीचे कर्तव्य

(अ) साक्ष देताना 'नॉर्मल' हा विश्वासाचा पुरावा म्हणून सांगू नये. आई व बाळ सुखरूप आहेत, एवढ्यासाठी देवाचे आभार पुरेसे आहेत.

(आ) भेटीला गेल्यावर "नॉर्मल की सिझर?" हा पहिला प्रश्न नसावा. "तू कशी आहेस?" हा असावा.

(इ) महिला मंडळाने निदान सहा आठवडे पाणी भरणे, धुणे, मोठ्या मुलाला शाळेत पोहोचविणे यांपैकी काही वाटून घ्यावे. टाके असलेल्या बाईने जड उचलू नये.

(ई) "सिझरवालीला दूध येत नाही", "पुढचेही सिझरच होणार" असे बोलून तिला घाबरवू नये. आई शुद्धीवर असेल व प्रकृती ठीक असेल तर बाळाला लवकर अंगावर पाजता येते. पुढच्या खेपेस काहींचे बाळंतपण नैसर्गिक रीतीने होऊ शकते. तो निर्णय डॉक्टरांच्या तपासणीवर अवलंबून असतो.

प्रभू येशूने बाळंतिणीचा दृष्टांत दिला, तेव्हा तिच्या कळा त्याने नाकारल्या नाहीत. पण शेवटी बोट दाखविले ते जगात जन्मलेल्या मनुष्याच्या आनंदाकडे. आपल्या मराठीतही बाई बाळंत झाली की 'सुटका झाली' म्हणतात. ती कोणत्या वाटेने झाली, हे त्या शब्दात येत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. राहेलीच्या मृत्यूच्या वृत्तांतावरून दुःखात असलेल्या कुटुंबाशी बोलण्याबद्दल आपण काय शिकतो?
२. औषधोपचार घेणे व प्रार्थना करणे यांत विरोध आहे असे आपण कोणकोणत्या बाबतीत नकळत मानतो?
३. आपल्या मंडळीत या महिन्यात बाळंत झालेली बहीण कोण? तिच्या घरी कोणते काम कोण उचलील?