सार्वजनिक ग्रंथालय

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे गाव वसलेले आहे. तेथील मंदिरांच्या भिंती शिल्पांनी नटलेल्या आहेत. महाशिवरात्रीला यात्रेकरूंची दाटी होते. अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्वज्ञाने १८७३-७४ मध्ये मध्यप्रांताचा दौरा केला, तेव्हा या मंदिरांचे वर्णन लिहून ठेवले. मार्कंड्याच्या मुलाला ही शिल्पे रोज दिसतात. परंतु त्यांविषयी कोणी काय लिहिले, हे त्याला पाहावयाचे असेल तर त्याने कोठे जावे?

शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात असा जिज्ञासू गेला, तर प्रथम त्याची निराशा होण्याचा संभव आहे. जुन्या गॅझेटियरांत 'गडचिरोली' शोधून हा जिल्हा सापडावयाचा नाही, कारण तो १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. आणि चंद्रपुराचे इंग्रजी अमदानीतील नाव 'चांदा' असे होते. जाणता ग्रंथपाल चटकन सांगतो, "चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर पाहा." केवळ कपाटे कुलपांत ठेवणारा मनुष्य आणि ग्रंथपाल यांतील भेद येथे कळतो.

कोश, नकाशे, गॅझेटियरे असे संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत. ते तेथेच बसून पाहावे लागतात. इतर ग्रंथ अनामत रक्कम व वर्गणी भरणाऱ्या सभासदांस ठराविक मुदतीसाठी मिळतात. वृत्तपत्रांच्या दालनात मात्र कोणीही येऊन बसावे. ज्यांच्या घरी अभ्यासाला निवांत कोपरा नाही, अशा विद्यार्थ्यांना अभ्यासिकेचा मोठा आधार असतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात, हे त्यांतील पहिले. सूत्र साधे दिसते. पण ग्रंथ जपावयाचे म्हणून वाचकांनाच दूर ठेवणारी ग्रंथालये पूर्वी थोडी नव्हती.

महाराष्ट्रात रत्नागिरी येथे १८२८ सालीच ग्रंथालय निघाले होते. परंतु आरंभीच्या ग्रंथालयांत इंग्रजी ग्रंथांचाच भरणा असे. मराठी ग्रंथ थोड्या प्रती छापून निघत, घरोघरी विखुरत, आणि कसरीच्या भक्ष्यस्थानी पडत. विनायक लक्ष्मण भावे यांनी १ जून १८९३ रोजी ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. मराठीत जे जे छापले जाते ते ते एके ठिकाणी असावे, ही त्यांची तळमळ होती. १८९८ मध्ये मुंबईतही असे संग्रहालय उभे राहिले. लोकांनी लोकांसाठी चालविलेल्या या संस्था आजही वाचकांची सेवा करीत आहेत.

१९६७ साली महाराष्ट्र राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्यान्वये ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळू लागले. अनुदानातून ग्रंथ विकत घेता येतात. ज्याची दुसरी प्रत उरलेली नाही, तो ग्रंथ मात्र कोणत्याही किमतीला मिळत नाही. म्हणून जीर्ण पाने चिकटविणारा आणि नवी बांधणी करणारा कारागीर ग्रंथालयाला फार मोलाचा वाटतो. एखाद्या वाचकाने घाईत चित्राचे पान फाडून नेले, तर तो ग्रंथ पुढच्या प्रत्येक वाचकाच्या हाती अपुराच पडतो.