पहिलीची तुकडी

जून संपत आला होता. कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा उशिरा उघडतात. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील आमच्या शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते.

एक अम्मी म्हणाल्या, "बाई, माझ्या मुलाला 'अ' तुकडीत घ्या. त्याला अलिफ-बे येते." मागे बांगड्या विकणाऱ्या दुसऱ्या अम्मी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलीला काहीच येत नाही."

मी म्हणाले, "२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घेण्यास मनाई आहे. तुकड्या पाडतानाही आम्ही परीक्षा घेत नाही. यादीतले एक नाव 'अ' मध्ये, पुढचे 'ब' मध्ये. लहानपणी मी 'क' तुकडीत होते. सगळे आम्हाला 'ढ' म्हणत. मलाही ते खरे वाटे."

दोन्ही मुले 'ब' तुकडीत आली. मुलगी त्या मुलाकडून अक्षरे शिकली. एके दिवशी मी मणी मोजायला दिले. मुलगा २० वर अडला. मुलगी १०० पर्यंत गेली. आईच्या बांगड्या मोजता मोजता ती शिकली होती. ते तिला कोणी विचारलेच नव्हते.

शब्दार्थ : तुकडी – एकाच इयत्तेतील मुलांचा गट, मनाई – बंदी, ढ – अभ्यासात कच्चा.

प्रश्न : बाईंनी 'क' तुकडीची आठवण का सांगितली?