टायरची हवा फजरनंतर मोजा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून गाठी आणताना आपण व्यापारी मीटरमागे दहा पैशांसाठी घासाघीस करतो. पण टेम्पोच्या टायरला लाथ मारून हवा ‘ठीक आहे’ म्हणतो. रेडियल टायर भरलेला असतानाही खाली थोडा पसरलेलाच दिसतो. नजरेला काय कळणार?

हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते, आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीखाली फुटते. डिझेल जाते ते वेगळेच. माल आपला, पण स्टिअरिंगवर दुसऱ्याचा मुलगा असतो. त्याची जान ही आपल्याकडे अमानत आहे.

हवा थंड टायरमध्येच मोजावी. फजरची नमाज पढून आल्यावरची वेळ उत्तम. धावून तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पौंड जास्त दिसतो, म्हणून हवा काढू नये. किती भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरावा. टायरच्या अंगावरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो.

स्वस्तातले गेज गाडीतच ठेवावे. पेट्रोल पंपावर हवेचे पैसे लागत नाहीत. एकच टायर वारंवार उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. आणि स्टेपनी? तीही महिन्यातून एकदा मोजावी.