रेखेचे शिक्षण : चित्रकलेच्या अभ्यासग्रंथांची भारतीय परंपरा

चित्र काढणे ही जन्मजात देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. भारतीय परंपरेने मात्र रेखाटन ही शिकता आणि शिकविता येणारी विद्या मानली व तिच्यासाठी ग्रंथ रचले. या ग्रंथांच्या वाटचालीत एक प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो : विद्यार्थ्याने नियम गिरवावेत, की प्रत्यक्ष पाहिलेले रेखाटावे? कला व संस्कृती या घटकाचा अभ्यास करताना हा प्रश्न ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

प्राचीन आधार

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडातील ‘चित्रसूत्र’ हा या विषयावरील महत्त्वाचा प्राचीन ग्रंथभाग होय. वज्र राजा व मार्कंडेय ऋषी यांच्या संवादातून तो उलगडतो. मूर्तिशास्त्र जाणण्यासाठी चित्रकला, तिच्यासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन जाणले पाहिजे, अशी कलांची परस्परसंबद्धता येथे मांडलेली आहे. हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक हे पुरुषांचे पाच प्रकार, शरीराची प्रमाणे, उभे राहण्याची नऊ स्थाने आणि छायेसाठी वापरावयाची ‘वर्तना’ यांचे नियम त्यात आहेत. तथापि, लाटा, ज्वाला, धूर आणि वाऱ्यावर फडकणारे ध्वज ज्याला रेखाटता येतात, तसेच निद्रिस्त व मृत यांतील भेद ज्याला दाखविता येतो, तोच खरा चित्रज्ञ, असेही हा ग्रंथ सांगतो. म्हणजेच नियमांच्या या ग्रंथानेच निरीक्षणाला कसोटीचे स्थान दिले आहे. स्टेला क्रॅमरिश यांनी 1924 मध्ये या भागाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

कामसूत्रावरील यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे दिलेली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य व वर्णिकाभंग. परीक्षेच्या दृष्टीने ही षडंगे क्रमाने लक्षात ठेवावीत.

वसाहतकालीन कलाशिक्षण

मद्रास (1850), कलकत्ता (1854) व मुंबई (1857) येथे कलाशाळा सुरू झाल्या. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन पद्धतीच्या प्रभावाखाली छापील नमुन्यांची नक्कल, भूमितीय रेखाटन व प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यास असा क्रम रूढ झाला. हात स्थिर होण्यास त्याने मदत झाली. परंतु सभोवतालचे जीवन आणि देशी परंपरा दूर राहिली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक 1885 च्या आगीत नष्ट झाल्या. पुढे 1896-97 मध्ये या कामावर आधारित दोन खंड प्रकाशित झाले आणि अजिंठ्याची रेखा अभ्यासकांच्या हाती आली.

अवनींद्रनाथ व नंदलाल

अवनींद्रनाथ टागोर यांची भारतीय शरीररचनेच्या कलात्मक तत्त्वांवरील पुस्तिका 1914 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. डोळ्यासाठी मासा, भुवईसाठी निंबाचे पान वा धनुष्य, नाकासाठी तिळाचे फूल आणि मानेसाठी शंख, अशा परिचित उपमांचे रेखाटनात रूपांतर कसे होते, हे तीत दाखविले आहे. समभंग, आभंग, त्रिभंग व अतिभंग या शरीरवळणांचेही विवेचन आहे. विशेष म्हणजे, हे नियम अनुल्लंघनीय मानू नयेत, अशी सूचना लेखकाने स्वतःच केलेली आहे.

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात (स्थापना 1919) निसर्गाच्या प्रत्यक्ष अभ्यासावर भर दिला. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ (1930) या बालवाचनमालेतील त्यांची चित्रे अक्षरओळखीबरोबरच दृष्टीचेही शिक्षण देतात. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, हेही येथे स्मरणीय आहे.

आजचा संदर्भ

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने कलाशिक्षणास शालेय अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग मानले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने कला व विज्ञान यांतील कठोर विभागणी नाकारली. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा समावेश असतो. मार्गदर्शिकेतील तयार प्रसंग पाठ करून असे चित्र पूर्ण करता येईलही. परंतु बाजार, बसथांबा वा शेत स्वतः न्याहाळल्याशिवाय त्यात जिवंतपणा येणार नाही.

सारांश, पुस्तकाकडून प्रमाण, रचना व सरावाचा क्रम घ्यावा. त्यानंतर ते मिटून समोरची वस्तू पाहावी, आणि शेवटी ती स्मरणाने रेखाटावी. प्राचीन चित्रसूत्रापासून नंदलालांपर्यंतच्या परंपरेतून निघणारा बोध हाच आहे. नियम हाताला शिस्त लावतात. चित्रात प्राण मात्र निरीक्षणाने येतो.