नेमकं कुठे दुखतंय, ते दाखव

अगं, नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणून भागत नाही. बोट ठेवून दाखव, नेमकं कुठे. आपल्याकडे पाठीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला कंबरच म्हणतात. मग मणक्याचा एक्स-रे निघतो, पट्टा मिळतो, गोळ्या सुरू होतात आणि दुखणं खुब्यात तसंच राहतं.

खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. कधी ते मांडीच्या पुढून उतरत थेट गुडघ्यात येतं, आणि बाई गुडघ्याला तेल चोळत बसते. मागे नितंबात दुखून कळ पोटरीखाली जात असेल तर मणक्याकडे बघायला हवं. आणि कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूचं जे हाड गादीला टेकतं, तिथेच दुखत असेल तर सांधा बहुधा ठीक असतो. दुखावलेले असतात ते त्या हाडाला जोडलेले स्नायू.

घरी एवढं करून बघ. पलंगाच्या कडेला बसून पायाची नखं कापता येतात का? जोडवं सरळ करायला पाय वर घेता येतो का? मांडी घातल्यावर एक गुडघा दुसऱ्यापेक्षा बराच वर राहतो का? स्कूटरवर पाय टाकताना जांघेत कळ येते का? यांतलं काही जमेनासं झालं असेल तर सांगताना तेच सांग. ‘दुखतं’ यापेक्षा ‘नखं कापता येत नाहीत’ हे डॉक्टरांना लवकर कळतं.

बाहेरच्या बाजूचं दुखणं चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना फार होतं. ओट्यापाशी एका पायावर भार टाकून उभं राहायची सवय, पायावर पाय टाकून बसणं, यानं ते वाढतं. त्या कुशीवर झोपू नकोस, दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घे. खरा उपाय आहे तो नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे आणि दोन-तीन महिने नेटानं कर. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं लवकर आराम पडतो, पण व्यायाम केला नाही तर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

सांध्याची झीज असेल, तर झिजलेली कूर्चा परत आणणारी गोळी, तेल किंवा पावडर अजून निघालेली नाही. जाहिरातीत काहीही म्हणोत. पण म्हणून हातावर हात धरून बसायचं नाही. चार-पाच किलो वजन उतरलं तरी फरक पडतो. चालणं थांबवू नकोस, जमलं तर पोहायला जा. काठी धरायची ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमकं उलट करतात. वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नकोस, पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात.

आता एक गोष्ट जरा थांबून ऐक. दुखणाऱ्याचं वय तीस-चाळीसच असेल आणि जांघ सतत दुखत असेल, तर ‘या वयात कसली झीज’ म्हणून सोडून देऊ नका. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला की ते हाड आतून मरायला लागतं. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. फार दारू, जास्त प्रमाणात किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं, खुब्याला झालेली जुनी इजा ही त्याची मोठी कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांनाही याचा धोका असतो. कोविडमधून बरे झालेल्यांत हा आजार दिसल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच केली होती. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्येच कळतं. हाडाचं डोकं खचण्याआधी समजलं तर त्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते आणि आपला सांधा वाचण्याची आशा असते. खचल्यावर बहुतेकांना सांधा बदलावाच लागतो. म्हणून झटक्यात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका गं; त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड चालू असेल, तर तेही स्वतःच्या मनानं एकदम बंद करायचं नाही.

सांधा बदलण्याच्या नावानं घाबरू नकोस. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये या शस्त्रक्रियेची आजची पद्धत बसवली. बसवलेल्या सांध्यांपैकी निम्म्याहून जास्त पंचवीस वर्षं टिकतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीपर्यंत वॉकर धरून उभं करतात. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, सांधा निखळणं हे धोके आहेत, ते आधीच विचारून घे. घरात कमोड, जरा उंच खुर्ची आणि न्हाणीघरात धरायला दांडा लागेल. जमिनीवर कधी बसता येईल, येईल की नाही, हे सर्जनला विचार. आणि शस्त्रक्रिया कधी करायची? रात्रीची झोप उडाली, दुकानापर्यंत चालवेना, औषध-व्यायाम करूनही फरक नाही, तेव्हा. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी तू मजेत चालत असशील तर घाई नाही.

आईच्या वयाचं कुणी पडलं, उभं राहता येईना, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर चोळायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. तो खुबा मोडलाय असंच समज आणि लगेच दवाखाना गाठ. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ असं कुणीतरी म्हणेलच. पण माणूस अंथरुणाला खिळलं की शय्याव्रण होतात, न्यूमोनिया होतो. शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. पुढे हाडांची घनता तपासून औषध सुरू करायला विसरू नका.

घरात तान्हं बाळ असेल तर पाय सरळ करून करकचून बांधू देऊ नकोस. कडेवर दोन्ही पाय फाकवून घेतलेलं चांगलं. बाळ पायाळू असेल तर दीड महिन्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. खुबा जागेवर नसल्याचं सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेक वेळा नुसत्या पट्ट्यांनी भागतं.

आता तुझं. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा एक्स-रे काढायचा का, ते स्पष्ट विचार. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर बघू, असं म्हणू नकोस.