चिलटाचा डोळा आणि कर्करोगाची गाठ

पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी बारीक चिलटं आपण हाताने हाकलतो. शास्त्रज्ञ त्यांना फळमाशी म्हणतात. तिचा डोळा म्हणजे साडेसातशे-आठशे छोट्या डोळ्यांची जाळी. प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आठच असतात. हा हिशेब कोण ठेवतं? आरोग्याच्या पानावर माशी कशाला, असं वाटेल. पण वाचकहो, थोडा धीर धरा.

पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. ती दाराची कडी समजा. शेजारची पेशी 'स्पिट्झ' हे प्रथिन बाहेर सोडते. त्याने कडी वाजवली की आत निरोप जातो आणि पेशी आपल्या कामासाठी घडू लागते. हा निरोप सगळीकडे पसरत गेला तर? १९९२ साली 'आर्गोस' नावाच्या प्रथिनाचा शोध जाहीर झाला. तेही पेशीबाहेर स्रवतं, पण निरोप आवरण्यासाठी. ज्या माशीत ते नसतं, तिच्या डोळ्यात जादा पेशी घडतात आणि डोळा खडबडीत होतो.

आर्गोस कडीच धरून बसतं, असं बरीच वर्षं वाटत होतं. २००४ साली उलगडा झाला : ते कडीला हात लावत नाही, वाजवायला निघालेल्या स्पिट्झलाच गल्लीत गाठून चिमटीत पकडतं. शिवाय निरोप मिळालेली पेशीच आर्गोस बनवते. निरोप जोरात, तर आवरही जास्त. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्या शरीरातही ईजीएफआर आहे आणि त्याच्याच कुळातलं एचईआर-२ आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआरमध्ये असा बिघाड होतो की कुणी न वाजवता कडी वाजत राहते. तिथे वाजवणाऱ्याला पकडून भागत नाही. पेशीच्या आत शिरून निरोप तोडणाऱ्या गोळ्या लागतात. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीवर एचईआर-२ च्या कड्या भलत्याच वाढलेल्या असतात. त्यांवर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन देतात. ते बाहेरूनच कडीला चिकटतं. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली.

आता घरातल्या बायांसाठी. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. कर्करोग निघाला तर गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ईआर, पीआर आणि एचईआर-२ या तीन नोंदी आहेत का, ते विचारा. एचईआर-२ समोर '२+' लिहिलं असेल तर निकाल पक्का झालेला नसतो. आणखी एक तपासणी करावी लागते. दवाखाना बदलला तरी हा कागद सोबत न्या.